हस्तिदंतावरील कोरीवकाम व त्याचा संग्रह

हत्तीच्या सुळ्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर टोकदार हत्याराने रेषा कोरून त्या रेषांमध्ये काजळी, लाख वा अन्य रंगद्रव्य भरण्याची कला. व्यापक अर्थाने हस्तिदंताची उठावाची शिल्पे, मूर्ती व जडावकाम यांचाही या विषयात अंतर्भाव होतो. पश्चिमी देशांत ही रेखांकनपद्धती ‘स्क्रिमशॉ’ या नावाने ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील नॅनटकेट, न्यू बेडफर्ड इ. बंदरांतून देवमाशांच्या शिकारीस निघणारे खलाशी दीर्घ सफरींतील रिकाम्या वेळात देवमाशाच्या दातांवर जहाजे, शिकारीचे प्रसंग आणि स्त्रियांची चित्रे कोरीत व त्यांत काजळी भरीत. काळ्या रेषेच्या जोडीला लाल, हिरवा असे रंग क्वचितच वापरले जात. बहुरंगी कामाचा मोठा प्रसार विसाव्या शतकात झाला. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी हे अशा दातांचे संग्राहक होते आणि त्यांच्यामुळे या छंदास विशेष प्रसिद्धी मिळाली. तथापि दंतद्रव्यावर रेषा कोरून त्यात रंग भरण्याची कल्पना खलाशांच्या कितीतरी शतके आधी भारतीय दंतकारांना अवगत होती. तिच्या इतिहासातील काही महत्त्वाचे दुवे महाराष्ट्रात सापडले आहेत.

द्रव्य व तंत्र : सुळा हा हत्तीचा वरच्या जबड्यातील वाढलेला कृंतक दात होय. तो मुख्यतः दंतिनाचा बनलेला असतो. त्याचे कण सूक्ष्म व घट्ट असल्याने त्यावर केसाएवढी बारीक रेषाही स्वच्छ उमटते आणि चांगली झिलई चढते. आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. तिला श्रेगर रेषा म्हणतात. अन्य कोणत्याही पदार्थात अशी जाळी आढळत नाही. अपवाद फक्त हत्तीच्या लुप्त झालेल्या आप्तांचा. कोरण्यापूर्वी सुळ्याचा तुकडा घासून गुळगुळीत केला जातो. घासलेल्या पृष्ठावर रंग सहसा टिकत नाही, कोरलेल्या खाचेत मात्र तो घट्ट बसतो. म्हणून कारागीर सर्व पृष्ठावर रंग फासून नंतर तो पुसून घेतो. रंग रेषेपुरताच उरतो व चित्र प्रकट होते. अनेक रंग वापरावयाचे असल्यास प्रत्येक रंगाच्या रेषा स्वतंत्रपणे कोरून भराव्या लागतात. ही रीत कष्टाची असल्यामुळे जुन्या कामांत एकरंगी रेखांकनच अधिक आढळते.

प्राचीन काळ : सांची येथील पहिल्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी तेथील शिल्पकाम केल्याचा कोरीव लेख आहे. दंतकारांचे हात दगडावरही तितक्याच सफाईने चालत असत, हे त्यावरून स्पष्ट होते. अफगाणिस्तानातील बेग्राम येथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना 1937 व 1939 या वर्षी बंद खोल्यांत साठवलेल्या भारतीय धाटणीच्या हस्तिदंती पट्ट्या मोठ्या संख्येने मिळाल्या. त्या आसनादी लाकडी सामानावर बसवलेल्या होत्या. त्यांपैकी काहींवर उठावाऐवजी केवळ रेषांनी आकृती काढलेल्या असून त्यांवर लाल व काळ्या रंगांचे अवशेष दिसतात. रंगीत दंतरेखांकनाची ही अतिशय जुनी उदाहरणे होत.

दख्खनमधील दंतकलेचा पुरावा मुख्यतः मूर्तींच्या रूपात आढळतो. तेथे प्रधान तंत्र उठावाच्या कामाचे आहे. दागिने, केशरचना व वस्त्रांच्या चुण्या दाखवताना मात्र हे कारागीर कोरीव रेषेचाच आधार घेत. या मूर्तींच्या अभ्यासास वेगळी दिशा मिळाली ती इटलीत. पाँपेई येथील एका घरात 1938 मध्ये सुमारे 25 सेंमी. उंचीची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या दोन्ही बाजूंस लहान परिचारिका उभ्या असून मूर्तीस वरून खाली भोक पाडलेले आहे. त्यावरून ती एखाद्या सामानाचा भाग असावी. इ. स. 79 मध्ये व्हिस्यूव्हियसच्या उद्रेकात पाँपेई गाडले गेल्यामुळे त्यापूर्वीच ती तेथे पोहोचली होती, हे निश्चित आहे. प्रारंभी तिला लक्ष्मी मानण्यात आले. पुढे ती यक्षी असावी, हे मत पुढे आले. ती भारतात कोठे घडली, हा मात्र खरा वादाचा प्रश्न ठरला. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर कोरलेले असल्याने काहींनी वायव्य भारताकडे बोट दाखविले.

या वादात महाराष्ट्राचे नाव आले ते दोन गावांमुळे. तेर (प्राचीन तगर, धाराशिव जिल्हा) येथील हस्तिदंती स्त्रीमूर्ती मोतीचंद्र यांनी 1960 मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर भोकरदन (प्राचीन भोगवर्धन, जालना जिल्हा) येथे 1973 मध्ये शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. त्यात दोन परिचारिकांसह असलेल्या स्त्रीमूर्तीचा खालचा भाग मिळाला. पाँपेईच्या मूर्तीशी त्याचे साम्य इतके निकट आहे, की त्या मूर्तीचा विचार दख्खनच्या दंतकलेस वगळून आता करता येत नाही. भोकरदनचा तुकडा सातवाहनकालीन वस्तीच्या थरांतून आला, हे त्याचे विशेष मोल होय. तोच तुकडा एखाद्या व्यापाऱ्याच्या पेटीतून आला असता, तर तो कोठला व केव्हाचा हे सांगणे कठीण झाले असते.

व्यापारमार्ग व ठाणे किनारा : हस्तिदंत भारतातून समुद्रमार्गे पश्चिमेस जात असे, याचा उल्लेख इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात आला आहे. भडोच बंदरातून निर्यात होणाऱ्या जिनसांत त्याचा समावेश होतो. पैठण भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या अंतरावर व तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर असल्याचेही हा ग्रंथकार सांगतो. याच ग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे. एके काळी ते अधिकृत व्यापारी बंदर होते. पुढे सत्तांतरामुळे तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जाऊ लागली, असे त्यात म्हटले आहे. कल्याण आणि त्याच्या शेजारची भिवंडी ही उल्हास खाडीच्या परिसरातील गावे होत. खाडीतून आलेला माल नाणेघाटाने जुन्नर व पुढे पैठणकडे जात असे. आज भिवंडी यंत्रमाग व गोदामांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. मालाची साठवण व वाहतूक हा मात्र या खाडीकाठाचा जुनाच व्यवसाय होय.

मध्ययुग व आधुनिक काळ : अठराव्या शतकात आंध्र किनाऱ्यावरील विशाखापटनम येथे कोरून लाख भरण्याच्या रीतीस नवे वळण मिळाले. लाकडी सामान व पेट्यांवर हस्तिदंताचे पातळ पत्रे बसवून त्यांवर वेलबुट्टी, इमारती व यूरोपीय चित्रांवरून घेतलेली दृश्ये कोरीत आणि रेषांत काळी लाख भरीत. युरोपीय अधिकारी व व्यापारी हे या वस्तूंचे मुख्य गिऱ्हाईक होते. तंत्राच्या दृष्टीने भारतातील स्क्रिमशॉचे हे सर्वांत जवळचे रूप होय. मुंबईत त्याहून वेगळी कला वाढली. हस्तिदंत, लाकूड, शिंग व कथील यांच्या बारीक काड्या एकत्र बांधून आडव्या कापीत आणि त्या चकत्या पेट्यांवर जडवीत. हिरवा रंग रंगविलेल्या दंत वा शिंगाच्या तुकड्यांनी येत असे. या कामास सदेली म्हणत व अशा पेट्या ‘बाँबे बॉक्स’ या नावाने यूरोपात विकल्या जात. गोव्यात ख्रिस्ती धर्मविषयक मूर्तींना पोर्तुगीज आश्रय मिळाला. त्यांचे उत्तम नमुने जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कला संग्रहालयात आहेत.

या कामास लागणारा कच्चा माल केवळ भारतीय नव्हता. आशियाई हत्तींपैकी माद्यांना सहसा मोठे सुळे नसतात. आफ्रिकी हत्तीच्या नर व मादी दोघांनाही ते असतात व आकारानेही मोठे असतात. म्हणून एकोणिसाव्या शतकात झांझिबार व पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून मुंबई बंदरात सुळे मोठ्या प्रमाणात येत. या व्यापारात कच्छी भाटिया व खोजा व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. बराच माल मुंबईहून लंडनला जाई. उरलेल्यातून विवाहसमयी घालावयाच्या बांगड्या गुजरात व राजस्थानसाठी बनत. संग्राहकाच्या कपाटातील नाजूक पेटीमागे अशा प्रकारे आफ्रिकेच्या अंतर्भागातील शिकार व सुळे वाहून आणणाऱ्या, पुष्कळदा गुलाम असलेल्या, माणसांचे श्रम उभे असतात.

संग्रह : महाराष्ट्रात या वस्तू टिकल्या त्या बऱ्याच अंशी खाजगी संग्राहकांमुळे. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीच्या टेकाडांवर सापडणाऱ्या हजारो प्राचीन वस्तू जमविल्या. त्या आज तेथील शासकीय वस्तुसंग्रहालयात आहेत. पुण्यातील दिनकर केळकर यांच्या संग्रहातही हस्तिदंती वस्तू असून तो संग्रह त्यांनी 1975 मध्ये राज्यशासनास अर्पण केला. लामतुरे हे त्याच गावचे असल्यामुळे त्यांच्या वस्तूंचे गाव तरी निश्चित राहिले. वस्तू बाजारात फिरू लागली, की हा धागाही तुटतो. बेग्रामच्या पट्ट्यांचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. 1990 नंतरच्या यादवीत काबूल संग्रहालयाची लूट झाली व अनेक पट्ट्या परदेशी विक्रेत्यांकडे गेल्या. त्यांपैकी 20 पट्ट्या ब्रिटिश म्युझियममार्फत दुरुस्त होऊन 2011 मध्ये प्रदर्शित झाल्या आणि नंतर काबूलला परत करण्यात आल्या. उत्खननाच्या वेळी त्यांची चित्रे व नोंदी प्रसिद्ध झाल्या नसत्या, तर त्या ओळखताच आल्या नसत्या.

पारख : हाडामध्ये रक्तवाहिन्यांच्या नलिकांचे काळसर ठिपके दिसतात, सेल्युलॉइडमध्ये सरळ समांतर रेषा असतात आणि राळेच्या नकलांत कोणतीही नैसर्गिक रचना नसते. श्रेगर रेषांचा बाहेरील कोन हत्तीच्या सुळ्यात साधारणतः 115 अंशांहून अधिक, तर मॅमथच्या सुळ्यात 90 अंशांहून कमी असतो. पिवळेपणा हा वयाचा पुरावा मानता येत नाही, कारण चहाच्या पाण्यानेही तो आणता येतो. 1950 नंतरच्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातील किरणोत्सर्गी कार्बन वाढला. त्यामुळे त्यानंतर वाढलेला सुळा प्रयोगशाळेत वेगळा ओळखता येतो. मात्र ही परीक्षा सुळ्याचा काळ सांगते, कोरीवकामाचा नव्हे. जुन्या सुळ्यावर नवे चित्र कोरून ते प्राचीन म्हणून विकले जाण्याचा धोका रंगीत रेखांकनात सर्वाधिक असतो. अशा वेळी खाचेची कड, तिच्यातील धूळ व झीज आणि वस्तूच्या हस्तांतराचे कागदच निर्णायक ठरतात.

जतन : हस्तिदंत हवेतील ओलाव्याबरोबर फुगतो व आकसतो, तेही सर्व दिशांनी सारखे नाही. त्यामुळे त्यास तडे जातात. कोकणच्या पावसाळ्यातून त्याला एकाएकी वातानुकूलित खोलीत नेणे घातक ठरते. पाणी, साबण व तेल वर्ज्य मानावे. पाण्याने भरलेला रंग निघून जातो आणि तेलाने पृष्ठ डागाळते. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटकणे पुरेसे असते.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 अन्वये हत्तीस 1977 मध्ये पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. 1986 च्या दुरुस्तीने भारतीय व 1991 च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. ती 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविली. आफ्रिकी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1990 पासून सर्वसाधारण बंदी आहे. जुन्या हस्तिदंती वस्तूंसाठी मालकीचे प्रमाणपत्र आवश्यक असते आणि त्यांची विक्री करता येत नाही. वारसाहक्काने येणाऱ्या वस्तूंचा विचार वेगळा केला आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू अधिनियमाखाली येत असल्याने खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेरही पाठविता येत नाही. या बंदीमुळे दंतकारांच्या अनेक घराण्यांचा व्यवसाय बुडाला व कित्येकांनी चंदन, हाड वा अन्य द्रव्यांकडे आपले कसब वळविले.

भारतात हस्तिदंताचा नवा संग्रह खरेदीने करण्याचे दिवस अशा रीतीने संपले आहेत. घराघरांतील जुन्या पेट्या, कंगवे व मूर्ती यांची छायाचित्रे, मापे व घराण्यातील आठवणींसह नोंद करणे, हे आजच्या संग्राहकाचे काम उरते. भोकरदनच्या एका तुकड्याने पाँपेईच्या मूर्तीचा प्रश्न बदलून टाकला, तो त्याच्या सौंदर्यामुळे नव्हे, तर तो जेथे सापडला त्या जागेची नोंद झाली म्हणून.