खाऱ्या वाऱ्यातले नळ

समुद्रकाठच्या गावात लोखंड टिकत नाही. दाराची कडी, खिडकीचे गज, सायकलची साखळी, सगळ्याला खारा वारा खातो. त्यामुळे आमच्याकडे घरात पाणी आणण्याचा इतिहास हा अर्धा गंजाचा आणि अर्धा दुरुस्तीचा इतिहास आहे. आमचं गाव दापोली तालुक्यात, किनाऱ्याला लागून. पुढे पुळण, मग माडा-पोफळींची आगरं, आगरात घरं आणि मागे जांभ्याचा डोंगर. एवढ्याशा पट्ट्यात गेल्या साठ वर्षांत पाणी कसकसं घरात आलं, ते सांगतो.

आधी रहाट होता. आगरातल्या विहिरीवर लाकडी रहाटगाडगं असे. बैल फिरला की माळेला बांधलेले मातीचे लोटे एकामागून एक भरून वर येत आणि पन्हळीत रिते होत. पन्हळ म्हणजे पोफळीचं खोड उभं चिरून, आतला गाभा काढलेलं. तिथून पाणी दगडी डोणीत आणि पाटाने पोफळींच्या अळ्यांत. घरात प्यायला-न्हायला लागणारं पाणी हातरहाटाने, सुंभाच्या दोराला पोहरा बांधून काढायचं. या सगळ्यात चार खिळे सोडले तर लोखंड नव्हतंच. लोटा फुटला तर राखून ठेवलेला दुसरा बांधायचा. पन्हळ कुजली तर वाऱ्याने पडलेली एखादी पोफळ होतीच. आजी चुलीवर पेज ठेवून तुटलेला दोर सांधायला जायची आणि पेज उतू जायच्या आत परत यायची.

पण रहाटाच्या गोड आठवणी सांगणारे एक गोष्ट गाळतात. विहिरीला हात कोणी लावायचा, हे ठरलेलं होतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तो कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यावर गेले. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. महाड आमच्यापासून काही फार लांब नाही. तरी त्यानंतर तीस वर्षांनी, माझ्या लहानपणी, खालच्या वाडीतल्या बाया आमच्या विहिरीपासून दहा पावलांवर कळशा ठेवून उभ्या राहत. वरून कोणी ओतलं तर न्यायचं, नाहीतर उन्हात थांबायचं. रहाट मोडला तर तासाभरात दुरुस्त व्हायचा. ही दहा पावलं मात्र कोणी दुरुस्त करायला घेतली नाहीत.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी वीज आली आणि वडिलांनी विहिरीवर पंप बसवला. न्हाणीघराच्या माथ्यावर सिमेंटची टाकी बांधली आणि तिथून लोखंडी पाइपाने पाणी स्वयंपाकघरात आलं. आईने पहिल्यांदा तोटी सोडली आणि बराच वेळ ती बंदच केली नाही. रोज पंचवीस-तीस कळशा कमरेवरून उतरल्या होत्या. नळाने बाईची कंबर वाचवली, हे मी पाहिलंय.

तो पाइप जस्ताचा मुलामा दिलेला. मुलामा शाबूत तोवर लोखंड सुरक्षित. पण सांधा जोडायला पाइपावर आटे पाडावे लागतात आणि आटे पाडताना नेमका मुलामाच खरवडला जातो. बाहेरून खारी हवा लागते, आतून जांभ्यातलं थोडं आंबट पाणी. त्यामुळे पाइप अंगाने चकचकीत दिसायचा आणि आट्यात कुजायचा. त्यात लोखंडाला पितळी तोटी जोडली की ओल्या सांध्यात लोखंड आणखी लवकर जायचं. पाच-सहा वर्षांत पहिला सांधा फुटला, तोही ऐन गणपतीत, घरात पंधरा पाहुणे असताना.

नळवाला दापोलीहून यायचा, म्हणजे दोन दिवसांनी. त्यामुळे तातडीचे उपाय घरोघर तयार झाले. आधी टाकीखालचा कॉक बंद करायचा. कॉक गंजून बसला असेल तर टाकीत उतरून पाइपाच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकायची. ओलं लाकूड फुगतं आणि घट्ट बसतं. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून, ताणून, भोकाच्या अलीकडून पलीकडे एकावर एक वेढे द्यायचे आणि वरून सुतळी आवळायची. ट्यूब ताणली नाही तर उपयोग शून्य. तोटी गळते म्हणजे बहुतेक वेळा आतला वायसर गेलेला. तो जुन्या रबरी चपलेतून कापायचा. गंजलेल्या नटावर रात्री रॉकेल सोडून ठेवायचं, पान्याशी सकाळी झटायचं. पंप नुसता घुमतो आणि पाणी खेचत नाही, तर विहिरीतला फुटव्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा राहिलाय किंवा सांध्यातून हवा शिरतेय. मग पंपात कळशीभर पाणी ओतायचं आणि सांध्यावर शेणाचा लेप द्यायचा.

एका बिघाडावर मात्र पाना चालत नाही. रहाट पाणी हळू काढायचा, तेवढ्यात झरे विहीर भरून काढत. पंप तासाभरात विहिरीचा तळ दाखवतो. किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. शास्त्राचा ढोबळ हिशेब असा की समुद्रपातळीच्या वरचं गोडं पाणी एक मीटरने उतरलं, तर खालचं खारं पाणी चाळीस मीटरपर्यंत वर सरकू शकतं. पुळणीजवळच्या दोन विहिरी अशाच मचूळ झाल्या. तिथे चहा फाटायला लागला तेव्हा लोकांना कळलं. तेव्हापासून आमच्याकडे मे महिन्यात पंप एका वेळी पंधरा-वीस मिनिटंच चालतो.

पुढे प्लॅस्टिकचे पाइप आले. ते गंजत नाहीत. पण भिंतीवर उघडे राहिले तर उन्हाने कडक होतात आणि वरून नारळ पडला की काचेसारखे फुटतात. तरी गंज संपला म्हणून सगळे निर्धास्त झाले. रहाट मोडून चुलीत गेले. विहिरींवर स्लॅब पडले, पंपाच्या पाइपापुरतं भोक ठेवून.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. दापोली, मंडणगडात माड, पोफळी, आंबे आडवे झाले, घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब मोडले. आमच्याकडे वीज यायला तीन आठवडे लागले. कोरोनामुळे बाहेरचा कारागीर येणं अवघड होतंच, त्यात रस्ते झाडांनी अडलेले. टाक्या दोन दिवसांत रित्या झाल्या. विहिरी पाण्याने भरलेल्या, पण स्लॅबमुळे पोहरा आत जाईना.

पाणी होतं ते खालच्या वाडीतल्या हातपंपावर. सगळं गाव हंडे-कळशा घेऊन तिथे रांगेत उभं राहिलं. आमची वहिनी संकोचून मागेच थांबली, तेव्हा तिथली एक म्हातारी हसून म्हणाली, "म्होरं ये गो बाय. हितं कुनी वरनं वतून देनार नाय. ज्याचं त्यानं हापसायचं." वहिनीने मान खाली घातली आणि हापसायला लागली. त्या म्हातारीला आमच्या विहिरीपाशी कळशी घेऊन उभी असलेली मी पाहिलेली होती.

सहाव्या दिवशी हातपंपाचा दांडा हलका झाला आणि पाणी येईना. त्याच वाडीतले एक काका पूर्वी हातपंप दुरुस्त करणाऱ्या पथकाबरोबर मजुरी करत. त्यांनी चौघांना हाताशी धरून एकेक कांडी वर घेतली. आतला वायसर झिजून गेला होता. नवा कुठून आणणार? त्यांनी जुन्या चपलेचं चामडं कापलं, रात्रभर तेलात भिजवलं आणि पेल्याच्या बुडावर दाबून त्याला वाटीचा आकार दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आलं. कांड्या धरणाऱ्या चौघांत दोन पोरं वरच्या वाडीची होती.

वीज आल्यावर दोन्ही वाड्यांची मिळून बैठक झाली, ती देवळाच्या ओट्यावर नाही, हातपंपापाशी. प्रत्येक विहिरीच्या स्लॅबला पोहरा जाईल एवढं झाकण पाडायचं आणि वर कप्पी लावायची, असं ठरलं. हातपंपाचे वायसर वर्गणीतून आणून काकांच्या घरी ठेवले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं आणि पुन्हा वीज गेली, तेव्हा आमच्या विहिरीवर पोहरा पडला. खालच्या वाडीतल्या दोघी-तिघी कळशा घेऊन आल्या आणि त्यांनी दोर स्वतः ओढला.