वाळवंटातला मुक्काम



दिवाळीत घर भरले होते. फराळ झाल्यावर जुन्या गोष्टी निघाल्या आणि आमच्या आण्णाने (माझा धाकटा चुलतभाऊ, गावच्या दिंडीचा विणेकरी) नेहमीचा विषय काढला. "वाळवंट गेलं तशी कार्तिकीची मजाच गेली बघ. नदीत राहायचं सोडून पासष्ट एकरात नंबर लावून राहायचं! ही काय वारी म्हणायची?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात चहा आला आणि विषय राहून गेला. तेव्हा बोललो नाही ते इथे लिहितो आहे. आण्णा हे वाचतो. त्याच्या मुलाने मोबाईलवर तशी सोय करून दिली आहे.

परदेशातल्या नातवंडांसाठी आधी एक खुलासा. पंढरपूरचे वाळवंट म्हणजे राजस्थानातले नव्हे! चंद्रभागेच्या पात्रातली वाळू, ती वाळवंट. मी सातवीला भूगोल शिकवत असताना 'भारतातील वाळवंट कोणते?' या प्रश्नाला दरवर्षी एखादा तरी मुलगा 'पंढरपूर' असे उत्तर लिहायचाच. मी अर्धा गुण देत असे.

आषाढी सगळ्या जगाला ठाऊक आहे. टीव्हीवर दिसते, छायाचित्रकार येतात. कार्तिकी त्या मानाने घरगुती. शरद ऋतू सरत आलेला, पाऊस संपलेला, शाळू पेरून झालेला, ऊस तुटायला अजून थोडा अवकाश. शेतकऱ्याला आठ दिवस मोकळे सापडतात ते हेच. आषाढात चंद्रभागेला कधी पूर येईल सांगता येत नाही, कार्तिकात मात्र पाणी ओसरून वाळू उघडी पडलेली असते. म्हणून नदीच्या पात्रात पाल ठोकून राहण्याची खरी यात्रा कार्तिकीची. आटपाडी, जत, सांगोल्याकडचे लोक खिलार बैल घेऊन यायचे, कारण कार्तिकीला जनावरांचा मोठा बाजार भरतो. देव आणि बैल एकाच खेपेत.

हजारो माणसांनी उघड्यावर शिस्तीत मुक्काम करायचा कसा, ही विद्या वारकऱ्यांनी एका आपल्याच माणसाकडून घेतली, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. हैबतबाबा पवार, गाव आरफळ, जिल्हा सातारा. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे चाकरीला होते. परतताना सातपुड्यात भिल्लांनी पकडून गुहेत कोंडले, तिथे हरिपाठ म्हणत राहिले आणि सुटका झाल्यावर गावी न जाता आळंदीलाच राहिले, अशी कथा सांगतात. गुहेची गोष्ट श्रद्धेची म्हणून बाजूला ठेवू. पुढचे मात्र इतिहासात आहे. तुकोबारायांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीत घालून नेण्याची प्रथा सुरू केली होती. हैबतबाबांनी १८३२ च्या सुमारास माउलींची पालखी स्वतंत्र काढली. लष्करी माणूस तो! दिंड्यांना क्रम लावला, रथापुढच्या कोणत्या, रथामागच्या कोणत्या हे ठरले. रोज रात्री तळावर समाज आरती, चोपदाराने दंड उंच केला की लाखाचा जमाव गप्प. कुणाचे काय हरवले, काय सापडले, कुठल्या दिंडीची काय तक्रार, सगळे तिथेच ऐकायचे आणि मिटवायचे. माझ्या वर्गात पन्नास मुले होती आणि हातात छडी होती, तरी मला हे कधी साधले नाही.

तंबू, घोडे यांची व्यवस्था अंकलीच्या शितोळे सरकारांनी केली. आपल्या मिरजेजवळची अंकली नव्हे, कर्नाटकात चिकोडी तालुक्यातली. अजूनही माउलींचा अश्व तिकडून निघतो आणि मिरज, सांगलवाडी करत आळंदीला जातो. आयर्विन पुलावर त्याचे दर्शन घ्यायला गर्दी होते ती त्यासाठी. हैबतबाबांना कार्तिकात अजून एक मान आहे. आळंदीची कार्तिकी सुरू होते ती वद्य अष्टमीला, महाद्वारातल्या त्यांच्या पायरीच्या पूजेने.

आता माझी कार्तिकी. साल १९६०, मी चौथीत. आज्जी तोवर पायी जायची, त्या वर्षी तिचे गुडघे धरले म्हणून रेल्वेने निघाली आणि आधाराला मला घेतले. (आधार कोण कोणाला होता ते सोडा.) कवठेमहांकाळला आम्ही बार्शी लाईटच्या गाडीत बसलो. अडीच फुटी रुळांवरची ती चिमुकली गाडी. कुर्डुवाडीकडून पंढरपूरला ती १९०६ मध्ये पोहोचली होती, आणि पंढरपूर ते मिरज हा आपला भाग १९२७ मध्ये जोडला गेला. यात्रेच्या दिवसांत डब्यात पाय ठेवायला जागा नसे, टपावरही माणसे. चढावर गाडी इतकी हळू चाले की पोरे उतरून लघवी करून परत चढत. जत रोड, सांगोला करत पंढरपूर आले तेव्हा माझे तोंड कोळशाने काळे झाले होते. गाडीत बसण्याआधी दंडात कॉलऱ्याची सुई टोचलेली, ती दोन दिवस ठसठसत होती.

वाळवंट पहिल्यांदा पाहिले ते संध्याकाळी. नजर पोहोचेल तिथवर पाले, राहुट्या, घोंगड्यांचे आडोसे, मधूनमधून फडांचे मोठे मांडव. वाळूत खुंटी धरत नाही, म्हणून दोरीच्या टोकाला दगड बांधून तो हातभर खोल पुरायचा, हे मी तिथे शिकलो. प्यायचे पाणीही वाळूतच मिळे. काठापासून जरा लांब हाताने झरा उकरायचा, पहिले गढूळ पाणी वाटीने काढून टाकायचे, मग येते ते नितळ. बायकांनी तीन दगडांच्या चुली मांडल्या होत्या. एकादशीच्या दिवशी शाबू, रताळी, शेंगदाण्याचे लाडू. रात्री चांदण्यात चारी बाजूंनी कीर्तने चालू, एका मांडवातला अभंग दुसऱ्याच्या मृदंगात मिसळत होता. वाळू दिवसा तापलेली असायची, रात्री ओलसर गार. आज्जीने वाकळ खाली घातली, घोंगडे वर घेतले आणि मला पोटाशी धरून झोपली. इतकी गाढ झोप पुन्हा आयुष्यात किती वेळा लागली असेल, मोजता येईल.

आण्णा म्हणतो ती मजा ही. ती खरी होती. मी ती नाकारत नाही.

पण आण्णा त्या वर्षी पाळण्यात होता आणि द्वादशीची सकाळ मी पाहिली आहे. पारणे फेडून आमची दिंडी लगेच उठली. आज्जीला चालवेना, म्हणून आम्ही दोघे मागे राहिलो, दुपारच्या गाडीने निघायचे होते. पाले उठली तसे खालचे वाळवंट दिसू लागले. एवढी माणसे तीन-चार दिवस राहिली होती आणि तिथे आडोसा म्हणून काही नव्हता. ज्या वाळूत झरे उकरले होते तिच्यातच सगळे. मी नाक धरले. मग पात्रात उतरलेली माणसे दिसली, हातात खराटे, पत्रे, पाट्या. बायका जास्त. त्यांच्यात माझ्याएवढीच एक मुलगी होती, परकरातली. ती पत्र्याने वाळूसकट घाण खरवडून पाटीत भरत होती आणि पाटी भरली की तिची आई ती डोक्यावर घेऊन जात होती. मुलीने एकदा वर पाहिले. मी चुरमुरे खात होतो. मी आज्जीला विचारले, "ती का करती?" आज्जी म्हणाली, "त्यांचं कामच हाय ते. चल, गाडी चुकंल." आज्जी वाईट नव्हती. दारात आलेल्या कोणालाही तिने उपाशी पाठवले नाही. पण ती हे बोलली आणि मी चुरमुरे खात तिच्याबरोबर चाललो.

पुढे बी.ए.ला मी कराडला गेलो. कॉलेजचे नाव सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ मध्ये काढलेले. निरक्षर माणसाचे नाव कॉलेजला का, म्हणून चरित्र वाचायला घेतले, तर समोर पुन्हा पंढरपूर! हा माणूस यात्रेला यायचा तो खराटा घेऊन. वाळवंट झाडायचा आणि मग त्याच वाळूत कीर्तनाला उभा राहायचा. ज्यांना इतर धर्मशाळांत जागा मिळत नसे त्यांच्यासाठी त्याने पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. गाडगेबाबा १९५६ च्या डिसेंबरात गेले. म्हणजे मी पाहिलेली द्वादशी त्यांच्यानंतर चारच वर्षांनी. खराटा होता, धरणारे हात मात्र पुन्हा त्याच घरांतले झाले होते.

आणि मंदिर? चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, म्हणजे बाहेर. दलितांना आत प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले, १ ते १० मे १९४७. त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी देश स्वतंत्र झाला. 'भेदाभेद नको' असे वाळवंटात रात्रभर गायचे आणि सकाळी आपली घाण कोणी उचलायची हे जातीवरून ठरलेले असायचे, या दोन गोष्टी आपण वारकऱ्यांनी शेकडो वर्षे एकाच वाळूत सुखाने नांदवल्या. मी 'आपण' म्हणतो, कारण माळ माझ्याही गळ्यात आहे.

म्हणून न्यायालयाबद्दल आण्णाचे म्हणणे मला पटत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाळवंटात तंबू-राहुट्या उभारायला मनाई केली, ती काही कुणा नास्तिकाने वारी बंद पाडावी म्हणून दावा लावला म्हणून नव्हे. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध लढणाऱ्या लोकांची ती याचिका होती. ही प्रथा बंद करणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा, आणि पंढरपुरात यात्रेनंतर ते काम चालूच होते. माझी परकरातली मुलगी चौपन्न वर्षांनी न्यायालयात पोहोचली, असे मला ती बातमी वाचताना वाटले. पुढे वारकऱ्यांच्या मागणीवरून भजन-कीर्तनासाठी ठरावीक दिवसांची सवलत मिळाली. मुक्कामासाठी पलीकडच्या काठावर पासष्ट एकरांचा तळ झाला, भक्तिसागर म्हणतात त्याला. आखलेले प्लॉट, नळ, दिवे, शौचालये.

आण्णाच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आज्जीच्या वेळची वाळू तरी कुठे उरली आहे? १९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाले, तेव्हापासून चंद्रभागेला पाणी धरणातून सुटेल तेव्हा. वाळू उपसून पात्रात खड्डे झाले, स्नानाला उतरलेली माणसे त्यांत बुडाली. रात्री ट्रक भरून वाळू गेली तेव्हा आपण कोणी परंपरा म्हणून ओरडलो नाही. आणि न्यायालयाचा नियम गरीब दिंडीला जास्त जाचतो हेही खरे. मठ-धर्मशाळा असलेल्यांचे काही अडत नाही, पाल घेऊन येणाऱ्यालाच प्लॉट शोधत हिंडावे लागते.

जुने जाणते एक सांगत. कार्तिकी झाली की मार्गशीर्षात विठोबा देऊळ सोडून विष्णुपदावर, गोपाळपुराजवळ नदीच्या पात्रात जाऊन राहतो. तिथे खडकावर पावले आहेत, गाईंचे खूर आहेत, काल्याची वाटी आहे. महिनाभर लोक डबे बांधून तिकडे वनभोजनाला जातात. आम्हीही निवृत्तीनंतर एकदा गेलो होतो, सौ.ने दहीभात आणि मिरचीचा ठेचा बांधून घेतला होता. जेवण झाल्यावर तिने पत्रावळी गोळा करून पिशवीत घातल्या आणि ती पिशवी मी सांगलीपर्यंत मांडीवर धरून आणली. सौ. हसत होती.

त्या मुलीचे नाव मी विचारले नव्हते. असेल तर आज माझ्याच वयाची, पंचाहत्तरीची असेल.

आण्णा, हे वाचून तू फोन करशील हे मला माहीत आहे. भांडण फोनवर नको. कार्तिकीला मिरज स्टेशनावर भेट, गाडी आता मोठ्या रुळांची आहे, टपावर बसावे लागत नाही. तिकिटे मी काढतो, चुरमुरे तू आण. आज्जीची वाकळ माझ्याकडे आहे, तीही घेतो. नोव्हेंबरची थंडी पासष्ट एकरातही तेवढीच असते.