‘यामातो’ची प्रतिकृती : काय लहान होतं, काय हरवतं

आज टेबलावर पुस्तकाऐवजी जहाज आणलंय. जपानी युद्धनौका ‘यामातो’ची ही प्लास्टिकची प्रतिकृती माझ्या नातवाने चार महिने खपून जोडली. प्रमाण १ : ३५०. मूळ जहाज २६३ मीटर लांब, म्हणून हे ७५ सेंटिमीटर. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस हे खेळणं घेऊन का आला, असं तुम्हाला वाटेल. सांगतो.

आधी थोडं गणित करू. लांबी ३५० पटींनी कमी झाली, पण वजन त्याच्या घनाने कमी व्हायला हवं, म्हणजे सुमारे ४ कोटी २९ लाख पटींनी. पूर्ण भरलेल्या यामातोचं वजन सुमारे ७२ हजार टन. त्या हिशेबाने या प्रतिकृतीचं वजन येतं पावणेदोन किलोच्या आत. ४६ सेंटिमीटरच्या तोफेचं तोंड इथे १.३ मिलिमीटर. आणि माणूस? पाचएक मिलिमीटर, आंबेमोहोराच्या दाण्याएवढा. हा दाणा लक्षात असू द्या.

आता इतिहास. यामातोची बांधणी १९३७ साली कुरे इथल्या गोदीत सुरू झाली. गुप्तता इतकी की जहाज दिसू नये म्हणून गोदीच्या काही भागावर छप्पर उभारलं होतं, आणि तोफा ४६ सेंटिमीटरच्या असूनही कागदोपत्री ४० च्या म्हणून नोंदवल्या होत्या. जे जहाज कुणी बघायचं नव्हतं, ते आज जगभरच्या दिवाणखान्यांत काचेच्या कपाटात बसलंय!

१६ डिसेंबर १९४१ ला ते नौदलात दाखल झालं. पर्ल हार्बरच्या हल्ल्याला तेव्हा जेमतेम आठवडा उलटला होता. गंमत बघा, विमानांपुढे मोठ्या युद्धनौकांचं काही चालत नाही, हे त्या हल्ल्यात जपाननेच दाखवून दिलं होतं. पुढे या अवाढव्य तोफा शत्रूच्या जहाजांवर एकदाच चालल्या, ऑक्टोबर १९४४ मध्ये, फिलिपिन्समधल्या सामार बेटाजवळ.

नातवाला मी विचारलं, ‘‘ही कोणत्या दिवसाची यामातो?’’ तो म्हणाला, ‘‘आजोबा, एप्रिल १९४५ची.’’ कशावरून? तर १९४४ साली दोन्ही बाजूंचे मध्यम तोफांचे बुरूज काढून तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या गेल्या. मधल्या भागात ही बारीक तोफांची दाटी दिसते ना, ती त्यांचीच. म्हणजे जहाज कशाला घाबरू लागलं होतं, ते या प्लास्टिकवरसुद्धा वाचता येतं. प्रतिकृती करताना एक दिवस निवडावाच लागतो. इतिहास लिहितानाही आपण हेच करतो, फक्त सांगत नाही.

तर त्या एप्रिलची गोष्ट. ६ तारखेला यामातो एक क्रूझर आणि आठ विनाशिका घेऊन ओकिनावाकडे निघाली. वर विमानांचं संरक्षण नव्हतं. परत येणं अपेक्षितच नव्हतं. ७ तारखेच्या दुपारी अमेरिकी विमानांच्या बॉम्ब आणि टॉर्पेडोंनी दोनेक तासांत ती बुडाली. जहाजावर ३,३००हून अधिक माणसं होती. वाचली ३००हूनही कमी.

आता तो दाणा आठवा. परवा मी स्वयंपाकघरातून मूठभर तांदूळ आणून या जहाजाशेजारी ठेवले. गोळाबेरीज तीन हजार दाणे. नातू म्हणाला, ‘‘आजोबा, हे काय?’’ मी म्हटलं, ‘‘तुझ्या जहाजावरची माणसं.’’ त्याच्या डेकवर एकही माणूस नव्हता.

मी त्याला दोष देत नाही. हजारभर सुटे भाग कोरून, रंगवून, नीट बसवायचे, ही साधनाच आहे. पण अचूक असणं वेगळं आणि पुरेसं असणं वेगळं. कुरेच्या संग्रहालयात यामातोची १ : १० प्रमाणातली, २६.३ मीटरची प्रतिकृती आहे, आणि त्याच इमारतीत खलाशांची पत्रंही आहेत. जहाज दहापटींनी लहान केलेलं. पत्रं मात्र मूळ आकाराची. एखाद्या पोराने आईला लिहिलेल्या ओळी कुठल्या प्रमाणात लहान करणार?

संग्रह जरूर करा. फक्त जहाज कपाटात ठेवताना दोन प्रश्न विचारा : हे कोणत्या दिवसाचं, आणि यावरची माणसं कुठे गेली?

नातवाने ते तांदूळ एका छोट्या बाटलीत भरून जहाजाशेजारीच ठेवलेत. आज येताना बाटलीही आणलीय. व्याख्यानानंतर पुढे येऊन बघा.