स्थावर आणि रोकड : प्रस्तावना

जुन्या वाटणीपत्रांत, मृत्युपत्रांत एक जोडशब्द हमखास भेटतो : 'स्थावर-जंगम मिळकत'. जागचे हलत नाही ते स्थावर. घर-जमिनीत गुंतवलेला पैसाही त्याच दिवशी स्थावर होतो, हे मात्र खरेदीच्या आनंदात ध्यानात येत नाही. अडीनडीला सोने मोडता येते, शेअर विकता येतात. सदनिकेची एक खोली विकून मुलीची फी भरता येत नाही. स्थावर गुंतवणुकीच्या अभ्यासाचे मूळ मला या अडचणीत दिसते, म्हणून वाचकाचे स्वागत मी तिथूनच करतो.

"भाव पडले तर?" हा नवख्याचा पहिला प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी महिन्याचा हिशेब मांडावा. समजा, पुण्यात ८० लाखांची सदनिका भाड्याने देण्यासाठी घेतली. स्वतःचे २० लाख, कर्ज ६० लाख. त्यावर ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ५ लाख ६० हजार आणि नोंदणी शुल्क ३० हजार. म्हणजे पदरचे जवळजवळ २६ लाख गेले. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांचा हप्ता साधारण ५२ हजार येतो. वर्षाचे भाडे किमतीच्या ३ टक्के धरले, तर महिन्याला २० हजार मिळतात. उरलेले ३२ हजार दरमहा खिशातून जायचे. सोसायटीचा मेंटेनन्स आणि मिळकतकर वेगळा. भाडेकरू गेला की पूर्ण ५२ हजार. आता भाव १० टक्क्यांनी उतरला असे धरा. नुकसान ८ लाखांचे, पण कर्जाचा आकडा तेवढाच राहतो. ते सगळे आपल्या २६ लाखांतून जाते, म्हणजे स्वतःच्या पैशाच्या ३० टक्क्यांहून जास्त. तरीही पगार चालू आहे, हप्ते भरता येत आहेत, तोवर हे नुकसान कागदावरच असते. हप्ते थकले की पडत्या भावात विकावे लागते, आणि मग ते खरे होते. माणसे बुडतात ती बहुधा इथे.

बिल्डरचेही गणित याहून निराळे नाही. एका प्रकल्पाच्या ग्राहकांचे पैसे दुसऱ्या जमिनीत घालायचे, ही याची टोपी त्याला घालण्याची रीत जुनी. विक्री मंदावली की साखळी तुटते आणि अर्धवट इमारती उभ्या राहतात. २०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले, ते यासाठीच. नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यासही त्याने मनाई केली. या दोन कलमांनी बरेच साधले, असे मी मानतो. मात्र जमिनीच्या मालकीची शहानिशा अजूनही आपल्यालाच करावी लागते. त्यासाठी सातबारा, फेरफार आणि इंडेक्स टू वाचायला शिकणे हा या अभ्यासाचाच भाग आहे; वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतला तरी तो समजून वाचावा.

जोखीम कायद्यातूनही येते. मुंबईच्या चाळी हा त्याचा मोठा धडा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. भाडेकरूला आसरा मिळाला, ही त्या कायद्याची मोठी कामगिरी. पण खर्च वाढत गेला आणि भाडे तिथेच राहिले. डागडुजी थांबली, पागडीचा व्यवहार फोफावला, इमारती खचत गेल्या. मालकाकडे मोक्याची जागा होती, गळके छप्पर शाकारण्याइतके उत्पन्न नव्हते. २००० साली अमलात आलेल्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, तोवर अर्धे शतक उलटले होते.

या विषयात येणाऱ्याने अर्थशास्त्राचे पुस्तक जरूर वाचावे. तलाठी कार्यालयात आणि सोसायटीच्या वार्षिक सभेतही बसावे. सुरुवात मात्र घरीच करा. कोऱ्या कागदावर तुमचा हप्ता लिहा, त्याखाली बँकेत आज असलेली रोकड लिहा, आणि भाडे पूर्ण थांबले तर ती किती महिने पुरेल ते मांडा. तो आकडा हाताशी ठेवून पहिले प्रकरण उघडा.