आपल्याच नाटकाची हुर्यो उडविणारा नाटककार

नाटक पडलें म्हणजे नाटककारानें काय करावें, याविषयीं साहित्यशास्त्रांत कोठेंही नियम सांगितलेला नाहीं. बहुतेक नाटककार नटांना दोष देतात. कांहीं प्रेक्षकांच्या अरसिकतेस बोल लावितात. आणि उरलेले टीकाकारांचा कट शोधून काढतात. ता. १० डिसेंबर १८०६ च्या रात्रीं लंडनमधील ड्रूरी लेन नाट्यगृहांत एका ग्रंथकारानें याहून अगदीं निराळा मार्ग पत्करला. प्रेक्षक त्याच्या प्रहसनाची हुर्यो उडवूं लागले, तेव्हां तोही त्यांना सामील झाला. आणि त्याचा स्नेही हेन्री क्रॅब रॉबिन्सन यानें लिहून ठेविल्याप्रमाणें, त्या गर्दींत बहुधा त्याचाच आवाज सर्वांत मोठा होता. हा ग्रंथकार म्हणजे सुप्रसिद्ध निबंधकार चार्लस लँब.

लँब त्या वेळीं एकतीस वर्षांचा होता. ज्या ईस्ट इंडिया कंपनीशीं आपल्या पूर्वजांचा इतका कडू संबंध आला, तिच्याच लंडनच्या कचेरींत तो १७९२ पासून कारकुनी करीत होता. दिवसभर हिशेबाच्या चोपड्या लिहाव्या आणि रात्रीं साहित्यसेवा करावी, असा त्याचा क्रम असे. आपले खरे ग्रंथ म्हणजे कचेरीच्या फडताळांतील त्या चोपड्याच होत, असें तो पुढें थट्टेनें म्हणे.

रंगभूमीवर नांव मिळवावें, ही त्याची जुनी हौस. पूर्वीं ‘जॉन वुडव्हिल’ नांवाची शोकांतिका लिहून त्यानें ती विख्यात नट केम्बल याजकडे पाठविली होती. पुष्कळ दिवस उत्तर आलें नाहीं. शेवटीं चौकशी केली, तों हस्तलिखितच गहाळ झाल्याचें समजलें! लँबनें दुसरी प्रत करून पाठविली. ती मात्र हरवली नाहीं, नुसती नापसंत झाली. मग त्यानें १८०२ सालीं तें नाटक छापून काढलें, आणि ‘एडिंबरो रिव्ह्यू’नें त्याची यथेच्छ टर उडविली. एवढ्यावर एखादा मनुष्य लेखणी मोडून स्वस्थ बसला असता. लँबनें प्रहसन लिहिलें.

त्याचें नांव ‘मिस्टर एच.’ कथानक असें कीं, एक गृहस्थ आपलें आडनांव लपवून केवळ आद्याक्षरावर समाजांत वावरतो. हें गूढ नांव काय असेल, या कुतूहलानें सर्व स्त्रिया त्याच्याभोंवतीं पिंगा घालतात. एके दिवशीं त्याच्याच तोंडून खरें आडनांव निसटतें. तें ‘हॉग्जफ्लेश’, म्हणजे डुकराचें मांस, असें निघतें आणि सर्वजणी नाकें मुरडून दूर होतात. अखेर आडनांव बदलण्याची परवानगी येते, तेव्हां त्याला मिळतें तें ‘बेकन’. म्हणजे तत्त्वज्ञाचें नांव खरें, पण मांस तेंच!

एलिस्टनसारखा नामांकित नट नायक होता. लँब व त्याची बहीण मेरी प्रेक्षकांत पुढेंच बसलीं होतीं. प्रास्ताविक पद्याला उत्तम टाळ्या पडल्या. परंतु दोन अंक तोलून धरण्यास एक आडनांव पुरें पडेना. तें उघड होतांच पिटांतून फूत्कार सुरू झाले आणि त्या एका रात्रींतच नाटकाचे तेथील प्रयोग आटोपले. आपणच ग्रंथकर्ता आहोंत असा कोणाला संशय येऊं नये म्हणून लँबनें हुर्यो केली, अशी आख्यायिका आहे.

या गोष्टीस केवळ विनोदी चुटका मानून हसून सोडून देणें बरोबर होणार नाहीं. दुसऱ्याच दिवशीं लँबनें कवि वर्डस्वर्थ याला पत्र लिहिलें. नाटक पडलें, विषयांत दम नव्हता, समाचारास मित्र पुष्कळ येऊन गेले, आम्ही धीर धरून आहोंत, असें सांगून तो कबूल करतो कीं, कांहीं झालें तरी यश आलें असतें तर अधिक बरें वाटलें असतें. शंभर फूत्कारांपुढें हजार टाळ्या हलक्या पडतात. दुसऱ्या एका पत्रांत आपण तंबाखू सोडणार असल्याचें तो कळवितो. कारण धूर ओढणाऱ्याचीं प्रहसनेंही धुरकटच व्हावयाचीं! पुढें चीनमध्यें असलेल्या मॅनिंग या मित्राला त्या रात्रीचें वर्णन लिहितांना तो हंस, अस्वलें, वानरें आणि साप यांचे सगळे आवाज त्या प्रेक्षकांना बहाल करतो. म्हणजे घाव लागला होता. विनोदानें तो नाकारला नाहीं, सुसह्य मात्र केला.

आणि त्या घरांत दुःख सुसह्य करणें हा काव्यशास्त्राचा नव्हे, जीवनाचा प्रश्न होता. १७९६ च्या सप्टेंबरांत वेडाच्या झटक्यांत मेरीच्या हातून प्रत्यक्ष आईचा वध झाला होता. भावानें तिचा सांभाळ करण्याची हमी घेऊन तिला घरीं आणिलें आणि स्वतः अविवाहित राहून तें वचन आमरण पाळिलें. झटके पुन्हां पुन्हां येत. बहिणीला वेड्यांच्या इस्पितळांत पोंचवावें लागे. लँब स्वतःही तरुणपणीं कांहीं आठवडे अशाच ठिकाणीं राहून आलेला. अशा घरांत एका नाटकाच्या पराभवावर रडत बसणें परवडणारें नव्हतें. ज्यानें खरें संकट पाहिलें आहे, त्यालाच लहान संकटाचें वजन बरोबर करतां येतें.

१८०७ सालीं शेक्सपिअरच्या नाटकांवरील गोष्टींचें पुस्तक निघालें, तें आजवर मुलांच्या हातांतून सुटलेलें नाहीं. त्यांतील वीस गोष्टींपैकीं चौदा मेरीच्या होत्या, जरी मुखपृष्ठावर नांव भावाचेंच होतें. १८२० पासून ‘एलिआ’ या नांवानें आलेल्या निबंधांत तर लँबला आपली खरी वाट सांपडली. १८२३ सालीं जॉर्ज डायर हा अधू दृष्टीचा विद्वान स्नेही त्याच्या घरून निघाला आणि भर दिवसां समोरच्या कालव्यांत सरळ चालत गेला. तो वांचला, आणि तोच अपघात एका रम्य निबंधाचा विषय झाला! रंगभूमीला जो विनोद पेलला नाहीं, तोच निबंधांत असा फुलला.

स्वतःच्या फजितीला हंसणें म्हणजे बेपर्वाई, असा समज पुष्कळांचा असतो. लँबचें चरित्र त्याच्या उलट साक्ष देतें. त्या रात्रीं प्रेक्षकांबरोबर फूत्कार करून तो बहिणीसह घरीं गेला, आणि सकाळीं वेळेवर नाहीं तरी कचेरींत गेलाच असेल. हिशेबाच्या चोपड्या त्याची वाट पाहत होत्या.