कारणाचा रकाना

बँकेत कर्जाच्या अर्जावर 'कारण' नावाचा एक रकाना असतो. म्हैस घ्यायची म्हणून कर्ज नेलेला गृहस्थ पुढच्याच महिन्यात मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन येतो, आणि आम्ही निमूटपणे जेवून येतो. त्यामुळे १९४६ सालच्या आंतरराष्ट्रीय देवमासा कराराचे आठवे कलम वाचताना मला अगदी घरच्यासारखे वाटले.

कलम साधे आहे. संशोधनासाठी देवमासे मारायचा परवाना ज्याच्या त्याच्या सरकारने द्यावा. मारलेला मासा शक्यतो वाया जाऊ देऊ नये, आणि त्याचे जे पैसे येतील त्यांचे काय करायचे तेही त्याच सरकारने सांगावे. (देवमासा हा मासा नव्हे, हे मलाही ठाऊक आहे, पण मराठीने एकदा नाव ठेवले ते ठेवले.) अन्न टाकू नये, हा हेतू किती सात्त्विक! आमच्या आईनेही हेच कलम लिहिले असते. फक्त अर्जदार, मॅनेजर आणि ऑडिटर एकाच घरातले नेमले नसते.

१९८२ साली देवमासा आयोगाने व्यापारी शिकार बंद करायचे ठरवले. १९८७ मध्ये जपानची जहाजे अंटार्क्टिकाकडे निघाली, संशोधनाला! मांस बाजारात, पैसे पुढच्या मोहिमेला. संशोधनाचा खर्च संशोधनाच्या विषयानेच भागवायचा, ही युक्ती आम्हा कॉमर्सवाल्यांना कुणी शिकवली नव्हती.

ऑस्ट्रेलिया हेगच्या न्यायालयात गेला. निकाल लागला ३१ मार्च २०१४ रोजी. तारीख बघा, थेट आमच्या वर्षअखेरीची! बारा विरुद्ध चार मतांनी जपान हरला. त्या बारांत आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारीही होते.

मला वाटले, विक्रीवरच पकडले असणार. छे! मांस विकले एवढ्याने संशोधन खोटे ठरत नाही, विक्रीची सोय कलमातच आहे, असे न्यायालय म्हणाले. त्याने पाहिले ते आकडे. २००५ पासूनच्या मोहिमेत सुमारे ३,६०० मिंकी देवमासे मारले गेले होते, आणि तज्ज्ञांनी तपासलेले निबंध दाखवता आले दोन. त्या दोन निबंधांना मिळून देवमासे लागले नऊ. बाकीच्यांचे व्हाउचर कुठे आहे, हे कुणीही हेडक्लार्क विचारील.

३० जून २०१९ ला जपान करारातूनच बाहेर पडला. अंटार्क्टिकातली शिकार थांबली, आणि १ जुलैपासून स्वतःच्या समुद्रात व्यापारासाठी उघडपणे सुरू झाली. म्हणजे म्हैस खोडून रकान्यात आता सरळ 'लग्न' असे लिहिले आहे.