कुत्र्याची आंघोळ आणि घाणीचा इतिहास

किनाऱ्यावरच्या गावांत ज्याच्या घरी कुत्रा आहे त्याला हा प्रसंग नवा नाही. रापण ओढून झाली की वाळूत थोडी बारीक मासळी राहते. दोन दिवस उन्हात ती कुजते. कुत्रा नेमकी ती जागा शोधून काढतो, आधी मान टेकवतो, मग पाठ, चारही पाय वर करून मनसोक्त लोळतो आणि मोठा पराक्रम केल्याच्या थाटात घरी येतो. मग घरात एकच गोंधळ. आजी म्हणते लिंबू चोळा, आई म्हणते चिंचेचे पाणी घाला, आणि कोणीतरी घाईघाईने न्हाणीघरातली फिनाईलची बाटली घेऊन येतो.

हे तिन्ही उपाय कुठून आले आणि त्यांतला कुठला खरा, हे शोधायला बसलो तेव्हा लक्षात आले, की कुत्र्याच्या अंगाची घाण काढण्याचा इतिहास थेट प्रसूतिगृहात, गटारांत आणि आपल्या जुन्या गोव्यातही जाऊन पोहोचतो. तो इथे मांडतो.

आधी कुत्र्याची बाजू. त्याच्या दृष्टीने ती घाण नाहीच. माणसाच्या नाकात गंध ओळखणारे ग्राहक सुमारे ४०० प्रकारचे, कुत्र्याच्या नाकात ८०० च्या आसपास. तो असा का लोळतो याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. काहींच्या मते शिकारीच्या काळात स्वतःचा वास लपवण्याची ही सवय, तर काहींच्या मते कुठे काय सापडले याची बातमी तो अंगावर घालून कळपाकडे आणतो. लांडगेही असेच लोळतात. म्हणजे आपण ज्याला खोड म्हणतो ती त्याच्या कुळाची रीत आहे.

आता आजीचे लिंबू. समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथाइल-अमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. खाऱ्या पाण्यात शरीरातला समतोल राखायला त्याची मदत होते. त्याला स्वतःला वास नसतो. मासा मेला की जिवाणू त्याचे ट्रायमिथाइल-अमाइन करतात, आणि बांगड्याचा किंवा तारल्याचा तो ओळखीचा वास येतो तो याचा. गोड्या पाण्यातल्या माशांत हा पदार्थ फारच कमी, म्हणून नदीतल्या मासळीला तसा वास नसतो. हे अमाइन अल्कधर्मी. त्यावर आम्ल पडले की त्याचा क्षार होतो, क्षार हवेत उडत नाही, आणि जे उडत नाही ते नाकापर्यंत पोहोचत नाही.

आपल्या स्वयंपाकघराने हे रसायनशास्त्र कधीच आत्मसात केलेले आहे. हुमणात सोलां, बांगड्याला चिंच, ख्रिस्ती घरांत माडाच्या सुरेचे विनागर, आणि मासळी साफ केल्यावर हाताला लिंबाची साल. हे सगळे चवीसाठी तर आहेच, पण घाण मारण्यासाठीही आहे. तेव्हा कुजक्या मासळीत लोळलेल्या कुत्र्याला पातळ केलेले विनागर किंवा लिंबूपाणी लावून मग शांपूने धुवावे, हा आजीचा उपाय शास्त्राला धरून आहे. डोळे आणि जखमा मात्र सांभाळाव्या लागतात.

गंमत अशी, की हाच उपाय अमेरिकेत गेला आणि सपशेल फसला. तिथे स्कंक नावाचा काळा-पांढरा प्राणी असतो. कुत्रा अंगावर आला की तो शेपटीखालच्या ग्रंथींतून एक पिवळसर तेल फवारतो. त्या वासाने कुत्राच नव्हे, कधी कधी सगळे घर राहण्याच्या लायकीचे उरत नाही. तिथल्या घराघरांत यावर एकच उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तो म्हणजे कुत्र्याला टोमॅटोच्या रसाने आंघोळ घालणे. डब्यांमागून डबे ओतले जातात, कुत्रा लाल होतो, आणि घरातले म्हणतात, हो हो, गेला वास! बाहेरून पाहुणा येतो आणि दारातच नाक धरतो. कारण साधे आहे. एकच वास फार वेळ घेत राहिले की नाक तो नोंदवणे सोडून देते. घरच्यांचे नाक दमलेले असते, म्हणून त्यांना फक्त टोमॅटो जाणवतो. वास आहे तिथेच असतो.

टोमॅटो का चालत नाही याचे उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. १८९६ साली थॉमस आल्ड्रिच या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने स्कंकचे ते तेल तपासून त्यात गंधकयुक्त पदार्थ असल्याचे दाखवले. हे पदार्थ थायॉल म्हणजे मरकॅप्टन या कुळातले. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घालतात तो याच कुळातला. हवेच्या अब्ज भागांत याचे मोजके भाग असले तरी नाकाला कळतात. आल्ड्रिचने ठरवलेले नेमके रेणू पुढे १९७५ मध्ये दुरुस्त झाले. मग १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या विल्यम वुड यांनी त्या तेलात थायोअॅसिटेट हे आणखी पदार्थ दाखवले. यांना स्वतःला फारसा वास नसतो, पण पाणी लागले की त्यांतून हळूहळू थायॉल सुटतात. धुतलेला कुत्रा आठवड्याने पावसात भिजला की पुन्हा का घाण मारतो, हे कोडे तेव्हा सुटले.

मासळीचा वास अमाइनचा, त्याला आम्ल चालते. स्कंकचा वास गंधकाचा, त्याला आम्ल कितीही ओता, ढिम्म हलत नाही. त्याला लागते ऑक्सिडीकरण, म्हणजे रेणूला ऑक्सिजन जोडून त्याचे रूपच बदलणे.

इथे जरा दोनशे वर्षे मागे जावे लागते.

घाण काढणे हा त्या काळी केवळ नाकाचा प्रश्न नव्हता, जिवाचा होता. दुर्गंधीयुक्त हवेतूनच रोग होतात अशी युरोपातल्या वैद्यकाची ठाम समजूत होती. जुने गोवे ओस पडले ते साथींमुळे. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात बिऱ्हाड हलवले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. तेव्हा जुन्या शहराची हवा बिघडली आहे असेच म्हटले जाई. पाणी आणि डास यांच्याकडे बोट दाखवणारे शास्त्र अजून यायचे होते.

पॅरिसमध्ये जनावरांची आतडी साफ करण्याचे कारखाने होते आणि तिथली दुर्गंधी असह्य असे. अँत्वान लाबाराक या औषधविक्रेत्याने १८२० च्या सुमारास त्यावर क्लोरीनयुक्त द्रावणाचा उपाय काढला. १८२४ मध्ये फ्रान्सचा राजा अठरावा लुई गँगरीनने वारला. त्याच्या शवाची दुर्गंधी आवरायला हेच द्रावण वापरावे लागले. कामगारांच्या कोठारातला उपाय राजवाड्यात गेला तो असा.

१८४७ मध्ये व्हिएन्नाच्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला एक गोष्ट छळत होती. शवविच्छेदन करून डॉक्टर थेट प्रसूतिकक्षात जात, साबणाने हात धूत, तरी हाताला प्रेताचा वास राही. सेमेलवाइसने विचार केला, की वास राहिला म्हणजे प्रेताचे काहीतरी हातावर राहिलेच आहे. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये त्या कक्षातल्या बाळंतिणींपैकी १८ टक्क्यांहून जास्त दगावल्या होत्या. मे महिन्यात हात धुणे सुरू झाले आणि जूनमध्ये हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आले. जंतूंची कल्पना अजून रुजलेली नव्हती. त्याला वाट दाखवली ती वासाने. वरिष्ठांनी त्याचे ऐकले नाही. डॉक्टरांचे हात अस्वच्छ असतात हे कोण मान्य करणार? १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला.

त्याच वर्षी ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टरने दुसरा रस्ता धरला. इंग्लंडमधल्या कार्लाइल गावात सांडपाण्याची घाण मारण्यासाठी डांबरापासून मिळणारे कार्बोलिक आम्ल वापरतात, हे त्याच्या वाचनात आले होते. १२ ऑगस्ट १८६५ रोजी गाडीचे चाक पायावरून गेलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर त्याने तेच कार्बोलिक लावले. जखम सडली नाही, पाय वाचला. गटारासाठीचे औषध शस्त्रक्रियेत आले आणि तिथून साबणात. लाइफबॉय हा कार्बोलिक साबण १८९० च्या दशकात निघाला, आणि आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत त्याचा तो उग्र वास हाच स्वच्छतेचा वास ठरला. काळे फिनाईल याच डांबरी घराण्यातले.

आणि म्हणूनच ती बाटली कुत्र्यापाशी येते. फिनाईलचा वास आला म्हणजे स्वच्छ झाले, हे आपल्या मनात पक्के बसले आहे. प्रत्यक्षात फिनाईल कुत्र्याच्या अंगावरची घाण काढत नाही, तिच्यावर आपला वास चढवते. त्याहून वाईट म्हणजे ही द्रव्ये कातडीतून आत शिरतात, कातडी भाजते, आणि कुत्रा अंग चाटतो तेव्हा विष थेट पोटात जाते. मांजराला तर ती आणखी घातक, कारण तिचे यकृत हे पदार्थ नीट पचवू शकत नाही. जमीन पुसायचे औषध जमिनीवरच राहू द्यावे.

स्कंकच्या वासाचा खरा उतारा सापडला तो योगायोगाने. इलिनॉयमधले रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रेबॉम यांना प्रयोगशाळेतल्या कामात हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे सडक्या अंड्याचा वास काढायचा होता. त्यासाठी ते अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरत. एका सहकाऱ्याच्या मांजरावर स्कंकने फवारा मारला, तेव्हा हाच उपाय सौम्य करून त्यांनी सुचवला. १९९३ मध्ये तो रसायनशास्त्राच्या एका नियतकालिकात छापून आला. ३ टक्क्यांचे ताजे पेरॉक्साइड साधारण एक लिटर, पाव कप खाण्याचा सोडा, आणि एक-दोन चमचे पातळ साबण. लगेच अंगाला चोळायचे, पाचेक मिनिटे ठेवायचे, भरपूर पाण्याने धुवायचे. डोळ्यांत आणि तोंडात जाऊ द्यायचे नाही, उरलेले फेकून द्यायचे. बाटलीत बंद केले तर सुटणाऱ्या ऑक्सिजनने बाटली फुटते, आणि म्हणूनच हे मिश्रण तयार बाटलीत विकता येत नाही. काळ्या कुत्र्याचे केस थोडे तांबूस होऊ शकतात एवढेच. पेरॉक्साइड हे द्रव्य मुळात फ्रान्सच्या थेनारने १८१८ मध्येच शोधले होते. औषध होते, त्याला योग्य तो रोग भेटायला पावणेदोनशे वर्षे गेली.

आपल्याकडे स्कंक नाही. आपल्याकडे मासळी आहे, शेणखड्डे आहेत, आणि चार महिन्यांचा पाऊस आहे. पावसात केस वाळत नाहीत, ओल्या कातडीवर यीस्ट आणि जिवाणू वाढतात आणि आंबूस वास येतो. त्यावर रोज साबण लावण्यापेक्षा नीट पुसून कोरडे करणे जास्त उपयोगी. आपला अंगाचा साबण तर टाळावाच. कुत्र्याची कातडी आपल्याइतकी आम्लधर्मी नसते, तिला तो कोरडी पाडतो. आणि आंघोळीनंतरही वास राहिला तर सेमेलवाइस आठवावा. वास राहिला म्हणजे काहीतरी राहिले आहे. ते कानात असेल, दातांत असेल, शेपटीखालच्या ग्रंथींत असेल.

दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी आमच्या कार्यालयाच्या आवारात एक कुत्रा असाच घाण मारू लागला. जिन्याखालून त्याला हाकलायचे ठरले, कोणी त्या जागेवर फिनाईलही ओतले. झाडू मारणारी बाई तेवढी जवळ गेली, त्याचा कान उलटून बघितला आणि म्हणाली, ''सायबा, घाण सुण्याची न्हय, घायाची.'' कानामागे जखम होती आणि तिच्यात किडे पडले होते. पशुवैद्याला बोलावले. त्यांनी किडे काढले, औषध भरले, इंजेक्शन दिले. आठवड्याभरात वास गेला, आंघोळ न घालता.

पावसाळ्यात रस्त्यावरच्या कितीतरी कुत्र्यांची हीच गत असते. माशी जखमेवर अंडी घालते, किडे मांस खातात, वास सुटतो, आणि वासामुळे माणसे त्याला आणखी लांब पिटाळतात. ज्याला सर्वांत जवळ घ्यायला हवे तोच सर्वांत दूर जातो. वेळेत सापडली तर ही जखम बरी होते. उशीर झाला तर कुत्रा हाल होऊन मरतो.

तेव्हा मंडळी, येत्या पावसात एखादा कुत्रा घाण मारताना दिसला, तर फिनाईल आणण्याआधी एकदा त्याच्या कानामागे, शेपटीखाली आणि पंजांत बघा. ओळखीचा नसेल तर हात लावू नका, पण पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला फोन तरी करा. नुसता मासळीचाच वास असेल, तर घरात लिंबू आहेच.